छत गळतंय? आधी दाभण आणा!

गेल्या वर्षी जूनमध्ये पाटणजवळच्या आजोळी गेले होते. स्टँडवर मामा जीप घेऊन आला होता. चढाला लागलो आणि पाऊस सुरू झाला. पाचच मिनिटांत मी चालत्या जीपमध्ये छत्री उघडून बसले! हूडमधून, म्हणजे जीपच्या कापडी छतातून, तीन ठिकाणी धार लागली होती. मी लगेच रील काढला. लोक भरपूर हसले. मामा मात्र हसला नाही.

कारण त्याच जीपमधून रोज पहाटे दुधाचे कॅन डेअरीला जातात, आणि महिन्यातून एकदा आजीला तपासणीसाठी कराडला नेतात. त्या महिन्यात आजी अंगाभोवती खताच्या पोत्यातला प्लास्टिकचा कागद गुंडाळून बसली होती. हे मला नंतर मामीकडून कळलं, आणि मी तो रील डिलीट केला.

मामाने चौकशी केली होती. एका दुकानात सांगितलं, ‘या मॉडेलचं हूड आता येत नाही.’ दुसरीकडे म्हणाले, ‘कापडाचा नाद सोडा, फायबरचं छत बसवून टाका.’ खर्चाचा आकडा पाच आकडी होता. तिसऱ्याने तर ‘एवढ्या जुन्या गाडीवर पैसे घालता कशाला, नवी घ्या की’ असा सल्ला फुकटात दिला.

शेवटी आम्ही गाठलं कुशनवाल्या चाचांना. सीटा, रिक्षाची हुडं, ट्रॅक्टरच्या गाद्या अशी कामं ते आयुष्यभर करत आलेत. पावसाच्या तोंडावर त्यांच्याकडे महिन्याभराची कामं पडून होती. ते म्हणाले, “मला आता हात लावता येणार नाही. पण पंधरा दिवस थांबलात तर सगळंच फाटंल. तुमचं तुम्ही करा, कसं करायचं ते मी सांगतो.”

आज लिहायचंय ते या ‘तुमचं तुम्ही करा’बद्दल.

आपली कन्व्हर्टिबल

कन्व्हर्टिबल म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर सिनेमातली लाल गाडी येते. बटण दाबलं की छप्पर मागे जातं आणि हिरोईनचे केस उडतात. पण कापडी छताच्या गाड्या महाराष्ट्राला काही नव्या नाहीत. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपला कॅनव्हासचंच छत होतं. चाळीसच्या दशकाच्या अखेरीस महिंद्राने मुंबईत त्या जीपची जुळणी सुरू केली, आणि पुढे पोलीस, पाटबंधारे, वनखातं, वडाप असा जीपचा प्रवास झाला. २०२० मध्ये आलेल्या नव्या थारलाही कडक छपराबरोबर कापडी छताचा पर्याय होता. आणि सगळ्यात जवळचं उदाहरण तर रोज कॉलेजला जाताना आपल्या डोक्यावर असतं. रिक्षाचं हूड! तेही कमानीवर ताणलेलं कापड किंवा रेक्झिनच. म्हणजे कापडी छताची दुरुस्ती हा काही श्रीमंतांचा छंद नाही. आपल्याकडे ती पोटापाण्याच्या गाड्यांची गरज आहे.

हूड तसं साधं असतं. लोखंडी कमानी, त्यावर ताणलेलं कापड, कापडाचे तुकडे जोडणारी शिवण, मागची आणि बाजूची प्लास्टिकची काच, आणि सगळं जागेवर धरून ठेवणारे पट्टे, टिचबटणं नि पितळी रिंगा. महागड्या कन्व्हर्टिबलमध्ये कापड तीन थरांचं असतं. वर ॲक्रिलिकचं विणलेलं कापड, मध्ये रबराचा थर, आत अस्तर. पण तत्त्व तेच. आणि बिघाडही तेच.

चाचांचा पहिला धडा होता, कापडाआधी दोरा मरतो. कापड अजून पाच वर्षं टिकलं असतं, पण उन्हाने आणि ओलीने शिवणीचा सुती दोरा कुजतो, टीप उसवते आणि आपण म्हणतो ‘हूड गेलं’. मामाच्या हुडाचं नेमकं हेच झालं होतं. खाकी कॅनव्हास बहुतेक ठिकाणी धड होतं. मधली शिवण वीतभर उसवली होती, कमान घासून एक भोक पडलं होतं, आणि बाजूच्या रेक्झिनच्या पडद्याला आडवी फाट होती. नवं छत घ्यायला सांगणाऱ्या तिघांपैकी एकानेही वर चढून पाहिलं नव्हतं.

दोन दिवस, एक दाभण

दुसरा धडा, ‘पाणी पडतं तिथं भोक नसतं’. कौलारू घरात राहिलेल्यांना हे माहीत असेल. कौल एकीकडे फुटलेलं असतं, पाणी वाशावरून घरंगळत भलत्याच खोलीत टपकतं. हुडात वाशाचं काम कमान करते. म्हणून पाऊस उघडल्यावर मी खडू घेऊन आत बसले आणि मामाने वरून तांब्याने पाणी ओतलं, तेही एकदम माथ्यावर नाही. खालच्या कडेपासून सुरुवात करून हळूहळू वर. नाहीतर वरचं पाणी सगळीकडे पसरतं आणि चोर सापडत नाही. जिथे आत पहिला थेंब दिसला तिथे खडूची खूण. तीन धारा वाटत होत्या, जागा निघाल्या दोनच.

मग हूड उतरवलं. उतरवण्याआधी मोबाइलवर प्रत्येक पट्ट्याचा, बकलाचा, बटणाचा फोटो काढला. हे मात्र मी चाचांना शिकवलं, याचा मला थोडा अभिमान आहे! मऊ ब्रश आणि साध्या साबणाने धुऊन ते दोन दिवस वाळवलं. ब्लीच किंवा कडक पावडर वापरायची नाही, त्याने कापडाचं पाणी अडवणारं लेपण आणि दोरा दोन्ही जातात. ओल्या कापडावर शिवण नको, ठिगळ तर नकोच.

शिवायला घरचं मशीन चालत नाही. जाड कॅनव्हासच्या चार पदरांत त्याची सुई मोडते. माझ्या दोन मोडल्या, मग आईला फोन करून शिव्या खाल्ल्या. त्यासाठी हवी दाभण, तीच पोती शिवायची. दोरा पॉलिएस्टरचा, जाड आणि मेण ओढलेला. टाका चांभारी. एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया घ्यायच्या, एक वरून एक खालून, दोघी एकाच भोकातून पार करायच्या आणि दोन्ही हातांनी सारखं ताणायचं. या टाक्याची गंमत अशी की एका ठिकाणी दोरा तुटला तरी सगळी शिवण भडाभडा उसवत नाही. आणि हो, जुन्या शिवणीची भोकंच वापरायची. नवी पाडत गेलात तर कापडाचा पोस्टाचा स्टँप होतो. ओढलं की त्या रेषेवर फाटतं.

भोकावर ठिगळ लावताना ते भोकापेक्षा चारी बाजूंनी दोन-तीन बोटं मोठं घ्यायचं आणि कोपरे गोल कापायचे. चौकोनी कोपरा वाऱ्याने उचलतो. सुती कॅनव्हासला ठिगळ शिवायचंच. रेक्झिनला मात्र आधी दोन्ही बाजूंना रबरी गोंद लावायचा, बोटाला चिकटेल न चिकटेल इतका सुकू द्यायचा, मग दाबायचं आणि शेवटी कडेने टीप मारायची. इथे मी शहाणपणा केला. थांबायचा कंटाळा आला म्हणून झटपट चिकटणारा गोंद ओतला. चिकटलं भारी, पण तिथे काचेसारखं कडक झालं आणि पडदा गुंडाळल्यावर त्याच रेषेत चिरलं. चाचांना फोटो पाठवला तर उत्तरात फक्त हसण्याचा व्हॉइस मेसेज आला. पडदा दुसऱ्यांदा करावा लागला.

शेवटी शिवणीवर मेण घासलं. सुती कॅनव्हासचं आणखी एक वैशिष्ट्य आहे. ते भिजलं की धागे फुगतात आणि सुईची बारीक भोकं आपोआप मिटत जातात. म्हणून पहिल्या पाण्याला थोडं झिरपलं तर घाबरू नका. आणि भिजलेल्या कॅनव्हासला आतून बोट लावू नका, लावलं की तिथूनच ठिपकायला लागतं. जुने तंबूवाले हा नियम पाळायचे.

त्या पावसाळ्यात आजीला प्लास्टिकचा कागद लागला नाही.

नवंच शिवायचं असेल तर

दुरुस्तीलाही मर्यादा असते. कॅनव्हास दोन बोटांत धरून ओढलं आणि कागदासारखं टरकलं, तर ठिगळं लावण्यात अर्थ नाही. यंदा एप्रिलमध्ये मामाच्या हुडाचा माथा असाच निघाला. या वेळी चाचांना वेळ होता. त्यांनी नवीन शिवलं आणि मी हाताखाली काम केलं.

तेव्हा कळलं की जुनं हूड कधीच फेकायचं नसतं. तोच नव्याचा नकाशा असतो. त्याची शिवण उसवायची, तुकडे जमिनीवर पसरायचे आणि त्यावरून नवं कापड बेतायचं. फक्त जुनं कापड कुठे ताणलं गेलंय, कुठे आक्रसलंय ते ओळखायला नजर लागते. ती व्हिडिओतून येत नाही. चाचा हाताने चाचपून सांगत होते, ‘हितं अर्धा बोट सोड.’ सुती कापड पहिल्या भिजण्यात आटतं म्हणून तेवढी सूट ठेवायची. रेक्झिनचं उलट, ते उन्हात सैल पडतं. म्हणून बसवण्याआधी ते तासभर उन्हात टाकायचं आणि गरम असतानाच ताणायचं.

बसवताना आधी कापडाच्या आणि प्रत्येक कमानीच्या मध्यावर खूण करायची. खुणेला खूण जुळवून मधून सुरुवात करायची आणि दोन्ही बाजूंना थोडं थोडं सरकत जायचं. एका कोपऱ्यापासून सुरू केलंत तर दुसऱ्या कोपऱ्याला वीतभर कापड उरतं आणि मध्ये सुरकुत्या पडतात. सुरकुतीत पाणी साचतं आणि साचलेलं पाणी कधी ना कधी आत येतंच.

गाडी बनवणाऱ्यांनी मनात आणलं तर हे सगळं किती सोपं होऊ शकतं, याचं छान उदाहरण म्हणजे १९८९ मध्ये आलेली माझदाची एमएक्स-५ ही छोटी दोन सीटर. तिचं छत हाताने उघडतं, पुढे दोन कड्या, बस. मागची प्लास्टिकची काच चेनने खाली घेता येते. छत घरच्या अंगणात बदलणारे तिचे मालक जगभर आहेत. उलट, बटणावर उघडणाऱ्या छतात मोटर, तेलाचे पाइप, केबल आणि सेन्सर असतात. तिथे फ्रेमला हात घालू नका, बोटं चिरडू शकतात. कापड धुणं, लेपण देणं, छोटं ठिगळ इथपर्यंतच आपली हद्द. पुढचं काम जाणकाराचं.

आणखी एक हद्द कायद्याची आहे. कापडाच्या जागी तसंच कापड घालणं ही दुरुस्ती झाली. पण कापडाच्या जागी फायबर किंवा पत्र्याचं छत ठोकणं हा गाडीच्या रचनेतला बदल. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करू देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका घेतली. ‘फायबरचं बसवून टाका’ म्हणणाऱ्याने मामाला हे सांगितलं नव्हतं. दंड तर मामानेच भरला असता.

प्रश्न छताचा नाही

आता कुणी म्हणेल, ‘एवढा खटाटोप कशाला? वेळेलाही किंमत आहे.’ मान्य. माझे त्या हुडावर चार दिवस गेले, दोन सुया गेल्या आणि बोटांना चार-पाच भोकं पडली. पण ‘वेळ नाही’ हे नेहमीच आपलं स्वतःचं मत असतं का? की बदलून घेणंच सोपं वाटावं अशी व्यवस्था आपल्याभोवती उभी राहिली आहे?

ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. अस्सल सुटे भाग, दुरुस्तीची माहिती आणि बिघाड शोधायची साधनं बाहेरच्या गॅरेजवाल्यांना खुल्या बाजारात मिळू दिली जात नाहीत, असा ठपका होता. प्रकरण पुढे अपिलात गेलं. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली. शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती वस्तू आणि वाहनं अशी चार क्षेत्रं ठरली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पोर्टलही आलं. कंपन्यांनी दुरुस्तीची माहिती आणि ग्राहक सेवेचा पत्ता तिथे द्यावा, ही कल्पना.

कल्पना चांगलीच आहे. पण पाटणच्या मामासाठी दुरुस्तीचा हक्क म्हणजे पोर्टल नाही. बंद झालेल्या मॉडेलच्या हुडाचा बेतायचा नमुना कंपनीने खुला केला, तर कुठल्याही गावातला कुशनवाला ते शिवू शकेल. नमुन्याच्या त्या कागदाला किती खर्च येतो? ज्या मॉडेलचं उत्पादन आणि सुटे भाग दोन्ही बंद झाले, त्याचे आराखडे लपवून ठेवण्यात कुणाचा फायदा आहे? नियम करणाऱ्यांनी निदान एवढं तरी बंधनकारक करावं, असं मला वाटतं. भाग देणं बंद करायचं असेल तर नमुना द्या.

दुसरी मागणी आपल्या कॉलेजांकडे आहे. आपल्याकडे ‘स्किल’च्या नावाने कार्यशाळा होतात, त्यात बहुतेक वेळा प्रेझेंटेशन कसं करावं हेच शिकवतात. वर्षातून एक दिवस चाचांसारख्या माणसाला मानधन देऊन बोलवा ना! सॅकची चेन, छत्रीची काडी, सीटची शिवण, काहीही चालेल. चाचांचा मुलगा या धंद्यात नाही, त्यांच्या दुकानात शिकाऊ पोरगाही नाही. सगळ्या गाड्यांना पत्र्याचीच छतं आल्यावर हा हात कुठे जाणार, हा प्रश्न मी त्यांना विचारला. ते म्हणाले, “हात जातुय कुठं? शिकणारा येत नाही.”

घरी दुरुस्ती केली तर चाचांच्या पोटावर पाय नाही का येणार? मलाही ही शंका होती. पण झालं उलटंच. स्वतः दोन दिवस दाभण चालवल्यावर चाचांनी नव्या हुडाची मजुरी सांगितली, तेव्हा मामाने पहिल्यांदाच घासाघीस केली नाही. कामाची किंमत ज्याने एकदा ते काम केलंय त्यालाच कळते. ज्याने कधीच काही उसवून पाहिलं नाही, त्याला मजुरी महाग वाटते आणि नवीन वस्तू स्वस्त.

तेव्हा मित्रांनो, पाऊस तोंडावर आलाय. घरात जीप नसेल, पण बाबांच्या स्कूटरची सीट असेल, आजोबांची छत्री असेल, ओळखीच्या रिक्षावाल्या काकांचं हूड असेल. एक तांब्या पाणी ओता. कुठून येतंय ते बघा. जमलं तर शिवा. नाही जमलं तर ज्याला जमतं त्याच्याकडे जा आणि तो काम करत असताना शेजारी बसा. ‘नवं घ्या’ म्हणणाऱ्याला मात्र आधी एक प्रश्न विचारा, ‘तुम्ही वर चढून पाहिलंत का?’

गेल्या आठवड्यात पाटणला वळवाचा दणकून पाऊस झाला. मामीने व्हिडिओ पाठवला. आजी पुढच्या सीटवर, हातात बंद छत्री. डाव्या कोपऱ्यातून मात्र एक थेंब पडत होता. तिथली टीप माझी होती. या शनिवारी दाभण घेऊन चाललेय.